दोन ओळींत उरकलेली कृती
(अध्यक्षीय भाषण)



विद्युतरसायनाची परिषद कोपरला भरते याचं काहींना नवल वाटलं. मुंबई-पुण्याची सभागृहं सोडून इथं कशाला, असं विचारणारेही भेटले. मला ही जागा विषयाला धरून वाटते. स्टेशनाच्या एका अंगाला उल्हासची खाडी, दुसऱ्या अंगाला थोड्या अंतरावर डोंबिवलीची एमआयडीसी, आणि कल्याणच्या पलीकडे मोहोने. मोहोन्याचा एनआरसीचा, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. तिथल्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांबद्दल आपण सगळ्यांनी वाचलं आहे. आजच्या विषयाच्या अंगानं मला त्या कारखान्यातली दुसरी गोष्ट आठवते. रेयॉन करायचं तर लगदा कॉस्टिकमध्ये भिजवावा लागतो. कॉस्टिक हवं तर मिठाच्या पाण्यातून वीज सोडावी लागते. वीज सोडली की एका बाजूला क्लोरीन सुटतो, आणि ज्या प्लेटीवर तो सुटतो ती प्लेट कशाची करायची, हा प्रश्न या धंद्याला अनेक दशकं छळत होता.

पूर्वी ती प्लेट ग्रॅफाइटची असे. ग्रॅफाइट क्लोरीनला दाद देत नाही, पण क्लोरीनबरोबर थोडा ऑक्सिजनही सुटतोच आणि तो कार्बनला खातो. प्लेट झिजते, दोन इलेक्ट्रोडांमधलं अंतर वाढतं, व्होल्टेज चढतं, विजेचं बिल फुगतं. मग कुणीतरी प्लेटा खाली सरकवायच्या आणि काही महिन्यांनी बदलायच्या. प्लॅटिनमचा मुलामा दिलेलं टायटॅनियमही वापरून झालं, ते परवडेना. १९६५ मध्ये हेन्री बीअर या डच रसायनतज्ज्ञानं टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडाचा लेप द्यायचं पेटंट घेतलं. मिलानच्या दे नोरा मंडळींनी ते कारखान्यात उतरवलं आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत जगभरच्या क्लोरीनच्या सेलांमधून ग्रॅफाइट हद्दपार होत गेला. त्याच दे नोरांची भारतातली कंपनी गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आहे. तिचं आधीचं नाव टायटॅनॉर. आपल्या शेजारच्या राज्यात रोजच्या उत्पादनाचा भाग म्हणून हे लेप चढतात आणि जुन्या अ‍ॅनोडांवर पुन्हा चढवले जातात, पण आपल्या एमएस्सीच्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे?

आता लेप कसा चढतो ते जरा जवळून पाहू, कारण मला जे सांगायचं आहे ते त्या कृतीतच आहे.

टायटॅनियम नुसतं अ‍ॅनोड म्हणून लावलं तर क्षणात त्यावर स्वतःच्याच ऑक्साइडाचा पातळ, वीज न जाऊ देणारा थर धरतो आणि करंट बंद पडतो. म्हणून पत्रा आधी वाळूच्या माऱ्यानं खरबरीत करायचा, मग उकळत्या ऑक्झॅलिक आम्लात किंवा हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवायचा. चकाकी जाऊन राखाडी, मंद रंग आला की पृष्ठभाग तयार. रुथेनियम क्लोराइड आणि टायटॅनियमचं ब्युटॉक्साइड अल्कोहोलमध्ये विरघळवून ते ब्रशानं पातळ लावायचं. वाळवायचं. चारशे ते पाचशे अंश सेल्सिअसच्या भट्टीत दहाएक मिनिटं ठेवायचं, बाहेर काढून गार करायचं, वजन करायचं, पुन्हा ब्रश. असे आठ-दहा थर झाले की शेवटी तासभर भट्टी. रुथेनियम आणि टायटॅनियम या दोघांची ऑक्साइडं रुटाइल जातीच्या एकाच जाळीत बसतात, आयनांचे आकार जवळजवळ सारखे असतात, म्हणून ती एकमेकांत मिसळतात. रुथेनियमचं ऑक्साइड धातूसारखं वीज वाहून नेतं, टायटॅनियमचं पत्र्याला चिकटून राहतं. साधारण ३० भाग रुथेनियम आणि ७० भाग टायटॅनियम हे प्रमाण त्यातूनच रुळलं.

भट्टी चारशेच्या खाली राहिली तर लेपात क्लोराइड उरतं आणि तो धुपतो. फार वर गेली तर लेपाखालचं टायटॅनियमच ऑक्सिडाइझ होतं आणि वीज अडवणारा थर आपण स्वतःच्या हातानं तयार करतो. भट्टीच्या डायलवर दिसतं ते तापमान आणि पत्र्यापाशी असतं ते तापमान, या दोहोंत वीस-तीस अंशांचा फरक सहज पडतो. थर्मोकपल पत्र्याला टेकवून ठेवल्याशिवाय तो कळत नाही. तयार लेप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा दिसतात. या भेगांमुळे पृष्ठभाग वाढतो हे खरं, आणि त्यांच्यातूनच द्रावण खाली झिरपून पत्र्यापर्यंत पोचतं हेही तितकंच खरं.

शोधनिबंधात ही सगळी हकिकत दोन ओळींत आटोपलेली असते. अमुक क्लोराइड, अमुक तापमान, इतके तास, झालं. मग पुढची आठ पानं आलेख. माझी तक्रार नेमकी इथं आहे. धातूच्या ऑक्साइडाच्या इलेक्ट्रोडात कृती हाच प्रयोग असतो. आपण मात्र ती मुदपाकखान्यातली खासगी बाब समजतो.

एकाच पदार्थाची दोन रूपं पाहा. क्लोरीनसाठी रुथेनियमचं ऑक्साइड साडेचारशे अंशांना भाजतात. १९९५ मध्ये झेंग आणि जो यांनी तेच ऑक्साइड पाणी धरून ठेवलेल्या रूपात, दीडशे अंशांच्या आसपास तापवून, ग्रॅममागे ७२० फॅरड धारकता दाखवली. त्याहून फार वर तापवलं की ते स्फटिक बनतं, पाणी सोडतं आणि धारकता कोसळते. म्हणजे भट्टीचा काटा फिरवला की क्लोरीनचा अ‍ॅनोड सुपरकपॅसिटर होतो किंवा त्याच्या उलट. मिलानच्या त्रासात्तींनी बुझ्झान्कांबरोबर १९७१ मध्ये रुथेनियम ऑक्साइडाचा चक्रीय व्होल्टॅमोग्राम पहिल्यांदा पुढे मांडला तेव्हा त्यात टोकदार शिखरं नव्हती, जवळजवळ चौकोनी आकृती होती. आज सुपरकपॅसिटरवर जे हजारो निबंध निघतात त्यांचं बूड तिथं आहे. पुढे १९९० मध्ये त्रासात्तींनीच दाखवलं की व्होल्टेज जितकं सावकाश फिरवाल तितका जास्त विद्युतभार मिळतो, कारण भेगांच्या आतला पृष्ठभागही हळूहळू कामाला येतो. म्हणून नुसतं 'पृष्ठभाग मोठा आहे' असं लिहून भागत नाही. बाहेरचा किती, आतला किती, ते वेगळं काढून द्यावं लागतं. पद्धत सोपी आहे. ती वापरणारे निबंध मात्र मोजकेच सापडतात.

आपल्याकडे या विषयात कोल्हापूरचं काम मोठं आहे. शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रासायनिक पद्धतीनं पातळ थर बसवण्याची एक परंपराच उभी केली. निकोलावनं १९८५ मध्ये मांडलेली सिलार पद्धत आपल्या मुलांनी उचलली, त्यात कोल्हापूरचा वाटा मोठा आहे. धन आयनांच्या बीकरमध्ये पट्टी बुडवायची, पाण्यात धुवायची, ऋण आयनांच्या बीकरमध्ये बुडवायची, पुन्हा धुवायची. निर्वात यंत्रं नकोत, परदेशी लक्ष्यपदार्थ नकोत. जिल्ह्याच्या कॉलेजातली मुलगीसुद्धा चार बीकरांवर जागतिक दर्जाचा थर बसवू शकते, हे या पद्धतीनं सिद्ध केलं. त्याचं मला अप्रूप आहे, आणि म्हणूनच पुढचं बोलायला मी कचरत नाही.

असा थर कितीदा दोन दशांश मिलिग्रॅमचा असतो. तराजू दाखवतो एक दशांश मिलिग्रॅमपर्यंत. समजा, मोजलेली धारकता ०.०८ फॅरड आली. भागाकार केला की ग्रॅममागे ४०० फॅरड. पण खरं वजन ०.३ मिलिग्रॅम असेल तर आकडा २६७ होतो, ०.१ असेल तर ८००. वजन कमी असलेलं बरं, असा मोह या गणितातच दडलेला आहे. निकेल आणि कोबाल्टच्या ऑक्साइडांची तर वेगळीच कथा. त्यांच्या आलेखात ठळक शिखरं असतात, त्यांचं वागणं बॅटरीचं, आणि त्यांना फॅरड लावणंच चुकीचं, हे ब्रूस, बेलांजे आणि लाँग यांनी २०१५ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिलं. तरी अजून निकेलचे फॅरड छापून येतातच. प्रबंध तपासताना मला या आकड्यांचा कंटाळा येतो, हे उघड सांगतो.

निकेलवरूनच आणखी एक. १९८७ मध्ये कॉरिगननं दाखवलं की निकेल ऑक्साइडावर ऑक्सिजन चटकन सुटतो याचं श्रेय बरंचसं लोखंडाला जातं, आणि ते लोखंड पोटॅशच्या द्रावणातल्या अशुद्धीतून, दशलक्षात काही भाग इतक्या प्रमाणात, आपसूक येऊन बसतं. म्हणजे इलेक्ट्रोडाच्या नावावर खपलेलं कर्तृत्व बाटलीतल्या कचऱ्याचं होतं. नव्या पदार्थाची घोषणा करण्याआधी आपण पोटॅश शुद्ध करून पाहिलं का? प्रतिइलेक्ट्रोड म्हणून प्लॅटिनम लावलं असेल तर आम्लात ते विरघळून आपल्या नमुन्यावर चढलं नाही ना, याची खात्री केली का? या प्रश्नांना पैसे लागत नाहीत, एक दिवस लागतो.

आता कारखान्यांतल्या मित्रांकडे वळतो. त्यांना फॅरड नको असतात. त्यांना हवं असतं आयुष्य. प्रयोगशाळेत ते मोजायची रीत ठरलेली आहे : सल्फ्युरिक आम्लात चौरस सेंटीमीटरमागे अर्धा ते दोन अ‍ॅम्पिअर करंट सोडायचा आणि व्होल्टेज लिहीत बसायचं. तासन्‌तास रेघ आडवी राहते. मग अचानक उभी चढते आणि प्लेट मेली असं समजायचं. रुथेनियम विरघळून गेलं असेल, किंवा भेगांतून आम्ल उतरून खालचं टायटॅनियम बंद पडलं असेल. कुठलं ते लेप फोडून पाहिल्याशिवाय कळत नाही. ऑक्सिजन सुटायचा असेल तिथं रुथेनियम फार टिकत नाही, म्हणून तिथं इरिडियम आणि टँटलमच्या ऑक्साइडांचा लेप देतात. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत 'पाच हजार चक्रांनंतर नव्वद टक्के' असं वाक्य असतं, पण उरलेले दहा टक्के कुठं गेले याचा शोध क्वचितच.

आणि आता खाडी. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या झिंगडे आणि देसाई यांनी ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर १९८१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला होता. पाऱ्याचा आपल्या विषयाशी संबंध असा, की कॉस्टिकच्या जुन्या सेलांमध्ये ऋणाग्र पाऱ्याचं असे. पुढे पडद्याचे सेल आले आणि पारा गेला. त्या पडद्याच्या सेलांना न झिजणारा, अंतर न बदलणारा अ‍ॅनोड लागतो. बीअरचा लेप नसता तर पारा इतक्या सहज गेला नसता. इलेक्ट्रोडाचं शास्त्र खाडीपर्यंत पोचतं ते असं.

डोंबिवलीचं सांडपाणी ही आपली आजची बाब आहे. तिथं २०१४ मध्ये पडलेला हिरवा पाऊस आणि २०२० मध्ये गुलाबी झालेला रस्ता यांवर विनोद खूप झाले. सांडपाण्यातला रंग विजेनं घालवण्यावर आपल्या कॉलेजांत डझनांनी प्रकल्प होतात. ऊर्ध्वपातित पाण्यात मेथिलीन ब्लू, थोडं मीठ, रुथेनियमची प्लेट, आणि वीस मिनिटांत पाणी स्वच्छ. स्वच्छ नव्हे, रंगहीन. मिठातून तयार झालेल्या क्लोरीननं रेणूचा रंग देणारा भाग तोडलेला असतो आणि उरलेल्या तुकड्यांवर क्लोरीन चढून मूळ रंगापेक्षा वाईट संयुगं झालेली असू शकतात. रंगाबरोबर सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) आणि एकूण सेंद्रिय कार्बन मोजला नाही तर प्रकल्प अर्धाच राहिला. लोझानच्या कॉम्निनेलिसनं १९९४ मध्ये दाखवलं की टिन किंवा शिशाच्या ऑक्साइडाचे अ‍ॅनोड सेंद्रिय रेणू अधिक मुळापासून जाळतात. पण अँटिमनी घातलेलं टिन ऑक्साइड लवकर मरतं आणि शिशाचं ऑक्साइड पाण्यात शिसं सोडण्याची भीती असते. खऱ्या सांडपाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि साबण असतात. ऋणाग्रावर पांढरी खरपुडी धरते. ती काढायला लोक ध्रुव उलटे करतात, आणि त्या उलटापालटीत रुथेनियमचा लेप लवकर जातो. हे सगळं मेथिलीन ब्लूच्या बीकरमध्ये दिसणारच नाही.

म्हणून या परिषदेपुढे एक प्रस्ताव ठेवतो. संयोजकांशी बोलून ठेवलं आहे. कॉलेजांनी दोन सेंटीमीटर गुणिले पाच सेंटीमीटरच्या टायटॅनियमच्या पट्ट्यांवर लेप द्यावेत आणि प्रत्येक पट्टीसोबत एक पान जोडावं : पत्रा कुठल्या प्रतीचा, आम्ल कोणतं, किती वेळ, किती थर, प्रत्येक थरानंतरचं वजन, भट्टीत पत्र्यापाशी मोजलेलं तापमान. ज्या कारखान्यांची तयारी असेल त्यांनी रीतसर परवानगी घेऊन त्या पट्ट्या सांडपाण्याच्या टाकीत चालवाव्यात आणि पाळीच्या माणसानं नेहमीच्या लॉगशीटवर व्होल्टेजचा आणखी एक रकाना भरावा. ही लॉगशीट मराठीतच लिहिली जाते, तेव्हा भाषांतराचाही प्रश्न नाही. पट्टी मेली की ती फेकू नये, तारीख घालून कॉलेजला परत पाठवावी. मेलेल्या पट्ट्यांवरचे निबंध पुढच्या परिषदेत पहिल्या सत्रात, भरल्या सभागृहासमोर वाचले जावेत. ते दुपारच्या जेवणानंतर, माणसं पेंगत असताना नकोत.

नावं द्यायचा कागद दाराशेजारच्या टेबलावर आहे. कॉलेजांसाठी डावा रकाना, कारखान्यांसाठी उजवा. सकाळी मी पाहिलं तेव्हा डावा भरत आला होता आणि उजव्यात दोनच नावं होती. चहाच्या सुट्टीत कारखान्यांतल्या मित्रांना गाठून मी त्याबद्दल बोलणार आहे, तेव्हा त्यांनी मागच्या दारानं निसटू नये. परिषदेचं कामकाज सुरू झालं असं जाहीर करतो.