उमेदवारीचे दिवस आणि स्वयंसेवा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचे शब्दांकन)



तरुणपणीच्या अनुभवांविषयी चार शब्द बोलावेत, अशी संयोजकांची आज्ञा झाली. मी वक्ता नाही. चाळीस वर्षे हातात मीटरपट्टी धरलेला कापड-दुकानदार आहे; तेव्हा मोजूनमापूनच बोलेन. दुकानाच्या गादीवर बसण्यापूर्वी काही वर्षे मी नांदेडला इतरांकडे नोकरी केली आणि त्याच काळात होमगार्डमध्ये स्वयंसेवक होतो. आज त्या दोन्ही शिक्षणांविषयी सांगायचे आहे.

होमगार्ड म्हटले की आपल्याला गणेशोत्सवाचा बंदोबस्त आठवतो. १९४६ साली मुंबई प्रांतात मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या संघटनेचे ब्रीद ‘निष्काम सेवा’ असे आहे, आणि आग, पूर, अपघात हीदेखील तिचीच क्षेत्रे आहेत. आम्हांला रविवारच्या कवायतीनंतर आग विझविण्याचा पाठ दिला जाई. पायाने दाबून धरायचा एक हातपंप असे. एकाने पंप मारायचा, दुसऱ्याने नळी धरायची, तिसऱ्याने बादलीत पाणी आणून ओतायचे. नळी धरण्यास सारेच उत्सुक, पाणी आणण्यास कोणीही नाही! आमचे प्रशिक्षक मुद्दाम उंचापुऱ्या, रुबाबदार मुलाला पाण्यावर नेमीत. त्या लाल बादल्यांचा तळ गोल असे. जमिनीवर ठेवली की ती कलंडते, म्हणून ती कोणी घरकामाला नेत नाही, हे त्यामागचे शहाणपण मला फार आवडले.

१९८० साली बी.कॉम. झालो आणि एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हंगामापुरता कारकून म्हणून लागलो. उस्मानशाही मिल ही ज्या नांदेडची एके काळी ओळख होती, तेथे कापसाच्या हंगामात तरुणास काम मिळणे कठीण नव्हते. फाटकावर बैलगाड्या मोजायच्या, वजनाच्या चिठ्ठ्या फाडायच्या, सायंकाळी रुई, सरकी आणि गाठी यांचा मेळ घालायचा, असे कामाचे स्वरूप होते.

फेब्रुवारीतील एका दुपारी कपाशीबरोबर आलेला लोखंडाचा तुकडा यंत्रात सापडला, ठिणगी उडाली आणि रुईच्या खोलीत आग शिरली. सुट्या रुईवरून ज्वाळा कशी धावते, हे पाहिल्याशिवाय कळत नाही; वाऱ्याने धुळीची चादर उचलावी तशी ती पसरते. पन्नासएक माणसे हाती लागेल ते भांडे घेऊन धावली आणि दारातच एकमेकांवर आदळू लागली. तेव्हा प्रेसवरचे वयस्क मिस्त्री ओरडले, “जळतंय ते जळू द्या, शेजारचं हलवा! आणि धावू नका, रांग लावा!” हौदापासून दोन रांगा लागल्या. एकीतून भरलेल्या बादल्या पुढे, दुसरीतून रिकाम्या मागे. मी मध्यभागी कोठेतरी होतो. मला आग दिसतही नव्हती, फक्त डावीकडून येणारी बादली आणि उजवीकडचा हात दिसत होता. अर्ध्या तासाने नगरपालिकेचा बंब आला, तोपर्यंत ज्वाळा खाली बसल्या होत्या.

खरी परीक्षा त्यानंतर होती. कापसाची आग वरून विझते आणि आत धुमसत राहते. दाबून बांधलेल्या गाठीवर पाणी ओतले तर ते वरूनच ओघळून जाते. आम्ही गाठी आकड्यांनी ओढून मोकळ्या मैदानात अंतराअंतरावर मांडल्या आणि तीन रात्री पहारा केला. मिस्त्री प्रत्येक गाठीत लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळाने बाहेर काढीत आणि हात लावून पाहत. सळई गरम लागली की ती गाठ फोडायची. तिसऱ्या रात्री बाहेरून पांढरीशुभ्र दिसणारी एक गाठ फोडली, तर आत निखारा होता. पहिल्या दिवशी धावणारे पन्नास होते. तिसऱ्या रात्री जागणारे आम्ही चौघे.

याच संदर्भात १४ एप्रिल १९४४ चा मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतील स्फोट आठवावा. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर दारूगोळा होता आणि त्याच जहाजात कराचीला कापसाच्या गाठी चढविल्या होत्या. आग लागली ती कापसाला. ती शोधून विझवेपर्यंत दुपारचे चार वाजून गेले आणि जहाज उडाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

आगीनंतर विम्याचे सर्वेक्षक आले. माझी वही त्यांना पसंत पडली आणि पुढील वर्षभर मी त्यांच्याकडे मदतनीस होतो. जळालेल्या दुकानांतून फिरून उरलेल्या मालाची यादी करायची, हे काम उदास करणारे होते. पण व्यापाराचे खरे धडे मला तेथेच मिळाले. व्यापारी बंधूंनी येथे लक्ष द्यावे. आपला माल दहा लाखांचा आणि विमा पाच लाखांचा असेल, तर दोन लाखांचे नुकसान झाल्यावर पुरे दोन लाख मिळत नाहीत. प्रमाणाने एकच लाख मिळतो. हप्ता वाचविण्यासाठी माल कमी दाखविणाऱ्या अनेकांना हे कलम राखेत उभे असताना प्रथम समजले. आणि खातेवह्या दुकानातच ठेवल्या असतील तर त्या मालाबरोबर जातात. मी आजही नक्कल घरी ठेवतो.

१९८२ मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला, बाजार वाढू लागला आणि मीही तेथे दुकान थाटले. मग आली ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक गाढ झोपेत होते. चारच्या सुमारास जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही क्षणांत ढिगारे झाली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी आपली जुनी घरे. ऊन-थंडीला उत्तम, त्या पहाटे तीच घरे काळ ठरली.

मी दुकान उघडून मांजरपाटाची होती तेवढी ठाणे ट्रकमध्ये टाकली आणि पाच-सहा तरुणांसह निघालो. ते कापड कशासाठी लागले, हे सांगावयास नको. पहिल्या दिवशी कात्रीचा उपयोगच झाला नाही. हातानेच टरटर फाडून देत होतो. त्यातील पट्ट्या आम्ही नाकातोंडालाही बांधल्या. ढिगाऱ्याभोवती तीच नांदेडची गर्दी दिसली, सारेच धावणारे, सारेच ओरडणारे. आम्ही घमेल्यांची रांग लावली. मध्ये मध्ये सर्वांना थांबवून, बोलणे बंद करून, दगडांना कान लावून ऐकायचे. एका घराखालून कण्हण्याचा क्षीण आवाज आला. चार तासांनी एक वृद्ध माउली जिवंत निघाली. तिने प्रथम नातवाचे नाव घेतले. आमच्यापैकी कोणीही उत्तर दिले नाही.

पुढे पाऊस लागला. देशभरातून कपड्यांचे ट्रक येऊ लागले आणि रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडले. देणाऱ्यांच्या भावनेला माझा नमस्कार; पण नऊवारी लुगडे नेसणाऱ्या स्त्रीला फ्रॉक आणि पाटलोणी देऊन काय साधणार? आम्ही घरोघरची माणसे मोजली, लुगडी, धोतरे, मुलांचे कपडे यांची यादी केली आणि लातूरच्या व्यापाऱ्यांकडून तेवढेच मागविले. जिनिंगच्या फाटकावरची वही अशी उपयोगी पडली. शांतीलालजी मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले आणि वर्षानुवर्षे सांभाळले. तिसऱ्या रात्रीचा पहारा म्हणतात तो हाच, असे मी मानतो.

आता थोडे आजचे. आपल्या ट्रस्टच्या इमारतीत वसतिगृह आहे, खाली दुकाने आहेत आणि जिन्याखाली मंडपाचे कापड रचलेले असते. ते तेथून हलवावे, अशी विश्वस्तांना नम्र विनंती. राज्याच्या २००६ च्या कायद्यानुसार आगप्रतिबंधक साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी व जुलै महिन्यात घ्यावयाचे असते. कागद हवाच, पण नळकांड्याची खीळ कशी काढायची, हेही चार मुलांना यावयास हवे. नळी ज्वाळेच्या शेंड्याकडे नको, बुडाशी धरावी. आणि पावडरीने कापडाची ज्वाळा बसली तरी ठाण आत धुमसत असते. ते बाहेर नेऊन, उलगडून, पाण्यात भिजवावे. पाण्याचा साठाही राखून ठेवावा लागतो. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरकरांना हे मी काय सांगावे!

येत्या १४ एप्रिलला सकाळी सात वाजता ट्रस्टच्या पटांगणात सराव घेण्यास अध्यक्ष महोदयांनी संमती दिली आहे. बादल्या माझ्या दुकानातून येतील. युवकांनी सुती कपडे घालून यावे, आणि पाण्याच्या रांगेसाठी नावे आधी द्यावीत. नळी धरणारे पुष्कळ मिळतात.