‘मिनिमम’ भरून कर्ज फिटत नाही
(नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी घेतलेल्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

सकाळच्या सत्रात बचत गटाच्या कर्जावर चांगली चर्चा झाली. मी आता क्रेडिट कार्डाबद्दल बोलणार आहे असं म्हटल्यावर काही जणी हसल्या. ‘हा मोठ्या घरच्या बायकांचा विषय’ असंही कुणीतरी म्हणालं. पण आता तसं राहिलेलं नाही. पगार बँकेत जमा व्हायला लागला की कार्ड घ्या म्हणून फोन येतात. मघाशी मी हात वर करायला सांगितले, तेव्हा निम्म्याहून जास्त जणींकडे कार्ड निघालं. मग विचारलं, ‘व्याज कमी करा, असं बँकेला कुणी कधी म्हटलंय का?’ एकही हात वर आला नाही. आपण भाजीच्या जुडीमागे दोन रुपयांची घासाघीस करतो, पण बँकेशी करत नाही. आज त्याबद्दलच बोलू.

दोन वर्षांपूर्वी आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई आली. खाजगी रुग्णालयात परिचारिका. तक्रार नवऱ्याच्या मारहाणीची होती. तिसऱ्या भेटीत तिनं पर्समधून घड्या घातलेली बिलं काढली. कार्ड तिच्या नावावर, कारण पगाराची स्लिप तिची. वापर सगळा नवऱ्याचा. ओटीपी तिच्या मोबाइलवर यायचा आणि ती तो सांगायची. ‘नाही म्हटलं तर काय होतं ते तुम्हाला सांगितलंच आहे,’ असं ती म्हणाली. ६२,००० रुपये बाकी होते. वापर थांबला होता, पण दर महिन्याला बिलावरची किमान रक्कम भरूनही बाकी हलत नव्हती. तिला वाटत होतं, आपल्यालाच हिशेब कळत नाही.

आम्ही दोघी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तुम्हीही लिहून घ्या. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. ऐकायला थोडं वाटतं, पण वर्षाचे ते ४२ टक्के झाले. ६२,००० वर एका महिन्याचं व्याज २,१७० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३९० रुपये. झाले २,५६०. किमान रक्कम होती बाकीच्या पाच टक्के, म्हणजे ३,१००. पोटाला चिमटा काढून भरलेल्या ३,१०० पैकी मूळ कर्जात गेले फक्त ५४० रुपये! असंच किमान रक्कम भरत राहिलं, तर दोन वर्षांत साधारण ६७,००० रुपये भरूनही ५०,००० च्या वर बाकी उरते. शिवाय मागची बाकी असताना नवी खरेदी केली, तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. बिनव्याजी दिवसांची सवलत पूर्ण बिल भरणाऱ्यालाच असते.

आता दुसरा हिशेब. हीच बाकी महिना दीड टक्क्याने चोवीस हप्त्यांत करून घेतली, तर हप्ता येतो ३,०९५ रुपये. व्याजावरचा जीएसटी धरून पहिल्या महिन्यात सुमारे ३,२६०, पुढे कमी कमी. जवळपास तेवढेच पैसे, पण दोन वर्षांत कर्ज संपतं. ही सोय अनेक बँका देतात, पण ती बहुतेकदा आपल्यालाच मागावी लागते.

तिला म्हटलं, फोन लाव. ती घाबरली. ‘त्यांनी कार्ड दिलं, आपण वापरलं, आता कुठल्या तोंडानं सांगू?’ हे वाक्य मी बायकांकडून फार वेळा ऐकलं आहे. कर्ज म्हणजे कुणीतरी केलेले उपकार, असं आपल्या मनात भरवलेलं असतं. मैत्रिणींनो, बँक उपकार करत नाही, व्यवहार करते. आणि व्यवहारात दोन्ही बाजूंना बोलायचा हक्क असतो.

मग आम्ही तयारी केली. एका कागदावर बाकी किती, व्याजदर किती, महिन्याला किती झेपेल आणि नेमकं काय हवं ते लिहिलं. मागण्या तीनच: बाकीचे कमी दराने हप्ते करा, लावलेलं विलंब शुल्क परत करा, बिलाची तारीख पगारानंतरची ठेवा. फोन कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर केला. इंटरनेटवर शोधलेल्या नंबरावर करू नका, तिथं फसवणारे बसलेले असतात. आणि ओटीपी, पिन, कार्डामागचे तीन आकडे कुणालाही सांगायचे नाहीत, बँकेच्या माणसालाही नाही.

पहिल्या दिवशी उत्तर आलं, ‘मॅडम, आमच्या धोरणात बसत नाही.’ तिचा चेहरा पडला. पण पलीकडे बोलणारी मुलगीही पगारावर राबणारी असते, तिच्या हातात फारसं काही नसतं. तिच्यावर ओरडू नका. शांतपणे म्हणा, ‘ताई, हे तुमच्या अधिकारात नसेल तर वरिष्ठांशी जोडून द्या, आणि माझ्या विनंतीचा नंबर सांगा.’ नंबर, तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहा. त्याच दिवशी तेच सगळं ईमेलनं पाठवा. तोंडी बोलणं हवेत जातं, लेखी उरतं.

तिसऱ्या फोनला वरिष्ठ अधिकारी बोलले. तिनं कागद समोर धरून वाचलं: ‘मला कर्ज बुडवायचं नाही. महिन्याला ३,३०० भरू शकते. या व्याजानं ते कधीच फिटणार नाही. हप्ते करून द्या.’ चोवीस हप्ते मिळाले, दीड टक्क्यानं. दोन विलंब शुल्कं परत आली. तारीखही बदलली. प्रक्रिया शुल्क मात्र माफ झालं नाही. सगळं मिळतंच असं नाही, पण न मागता काहीच मिळत नाही. कार्डाचा नवा वापर तिनं बंद करून घेतला आणि मोबाइलचा पासवर्ड बदलला.

काही नियम पाठ असू द्या. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांबाबत सविस्तर नियम घातले. न मागता कार्ड देता येत नाही. तुमच्या संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही. विलंब शुल्क मुदतीनंतर तीन दिवस उलटल्यावरच, आणि न भरलेल्या रकमेवरच लावायचं. शुल्कात बदल करायचा तर एक महिना आधी कळवायचं. सगळी बाकी भरून कार्ड बंद करा म्हटलं, तर सात कामाच्या दिवसांत बंद करायचं, नाही तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. घरच्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर अपमान करायचा नाही. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

एक सावधगिरी. थकलेल्या कार्डावर बँक कधी ‘सेटलमेंट’ सुचवते, म्हणजे थोडं भरा, बाकीचं सोडून देऊ. ऐकायला गोड वाटतं. पण तुमच्या पतअहवालात तशी नोंद राहते आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना ती आडवी येते. पूर्ण रक्कम हप्त्यांत फेडणं झेपत असेल, तर तेच बरं.

व्याजाच्या दराचं काय? ‘आवाज’ या संस्थेच्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटलं होतं की वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा आहे. बँका वर गेल्या, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तिथं आपण हरलो. म्हणून एकटीनं फोन करून घासाघीस करणं गरजेचं असलं, तरी ते पुरेसं नाही. दराला मर्यादा असावी, ही मागणी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

शेवटी नवऱ्याच्या वापराबद्दल. कार्ड जिच्या नावावर, बँकेच्या लेखी कर्ज तिचंच. तिनं ओटीपी कुठल्या धाकानं सांगितला ते बँक विचारत नाही. पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आर्थिक छळालाही हिंसाच मानतो. त्या कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नुकसानीचे पैसे मागता येतात. तिच्या अर्जाला आम्ही तीच घडी घातलेली बिलं जोडली. अर्ज अजून चालू आहे. म्हणून बिलं फाडू नका, लाजून लपवू नका. ती तुमच्या बाजूचा पुरावा आहेत. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा: नवऱ्याच्या एकट्याच्या कार्डाची बाकी, तुम्ही जामीन राहिला नसाल, तर केवळ बायको म्हणून तुमच्याकडून वसूल करता येत नाही.

तिचे हप्ते या महिन्यात संपले. शेवटची पावती दाखवायला ती केंद्रात आली होती. थकबाकी नसल्याचं पत्र बँकेकडून घेतलंस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘ईमेल टाकलाय, नंबर वहीत लिहून ठेवलाय.’

आता जेवणाची सुट्टी आहे. ज्यांच्या पर्समध्ये बिल आहे त्यांनी काढा. जेवून झालं की कागद-पेन्सिल घेऊन एकत्र बसू.