हिरव्या कुंपणाचे दोन वैरी

युरोपातील जुन्या बागांत वाफ्यांच्या कडेने गुडघाभर उंचीची, सारखी कातरलेली हिरवी कुंपणे दिसतात. ती बहुधा बॉक्स नावाच्या झुडपाची असतात. पाने नखाएवढी, वाढ मंद, आणि लाकूड इतके भरीव की ओले असताना ते पाण्यात बुडते. पूर्वी पुस्तकांतील चित्रांचे ठसे याच लाकडावर कोरीत. फ्रान्समध्ये झावळ्यांच्या रविवारी याच्याच डहाळ्या आशीर्वादित करून घरोघर नेतात. अशा या झुडपामागे अलीकडे दोन वैरी लागले आहेत.

पहिला वैरी करपा. हा बुरशीचा रोग इंग्लंडात १९९० नंतरच्या दशकात प्रथम लक्षात आला. पानांवर तपकिरी डाग पडतात, कोवळ्या फांद्यांवर काळ्या रेघा उमटतात आणि पाहता पाहता पाने गळून फांदी उघडी पडते. बुरशीचे बीजाणू चिकट असल्यामुळे ते पाण्याच्या शिंतोड्यांनी, कात्रीने आणि माळ्याच्या कपड्यांनीही पसरतात. मुळे मात्र बहुधा शाबूत राहतात. म्हणून रोगट भाग वेळीच छाटला, तर झुडूप पुन्हा फुटू शकते.

दुसरा वैरी पूर्व आशियातून आलेला पतंग. पांढऱ्या पंखांना तपकिरी काठ असलेला हा जीव २००७ च्या सुमारास जर्मनीत आढळला. नासाडी करतात त्या त्याच्या हिरवट, काळ्या डोक्याच्या अळ्या. त्या झुडपाच्या आत जाळी विणून पाने फस्त करतात. जाळी आणि कुरतडलेली पाने दिसली तर अळी, जाळीवाचून पानगळ व काळ्या रेघा दिसल्या तर करपा, ही ओळख माळ्याने पक्की करावी. कारण एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

हयगयीचे मोल केवढे, हे रशियातील सोची येथे दिसून आले. २०१४ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी शहर सजविण्याकरिता २०१२ मध्ये इटलीहून बॉक्सची रोपे आणली गेली. त्यांच्याबरोबर हा पतंगही आला. शोभेच्या कुंपणावरून तो जवळच्या खोस्ता येथील जुन्या अरण्यात शिरला आणि काही वर्षांतच तेथील बॉक्सचे वृक्ष वाळून गेले. कुंपण पुन्हा लावता येते. शतकांनी वाढलेले रान पुन्हा लावता येत नाही.

उपाय साधे आहेत, परंतु नेमाचे आहेत. वसंत ऋतूपासून आठवड्यातून एकदा फांद्या बाजूला सारून आत पाहावे. थोड्या अळ्या असतील तर हाताने वेचाव्यात. अधिक झाल्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे औषध आतील पानांपर्यंत फवारावे. ते लहान अळ्यांवर उत्तम लागू पडते. करप्यासाठी कोरड्या दिवशीच छाटणी करावी, हत्यारे निर्जंतुक करावीत, पाणी पानांवर न घालता मुळाशी द्यावे आणि गळलेला पाला उचलून टाकावा, कारण बुरशी त्यात काही वर्षे टिकून राहते.

सर्वांत मोलाची खबरदारी बागेच्या दाराशीच घ्यावयाची असते. विकत आणलेले रोप काही आठवडे वेगळे ठेवून तपासावे आणि मगच रांगेत लावावे. कुंपण बॉक्सचे असो वा आपल्या अंगणातील मेंदीचे, हा नियम दोघांनाही लागू आहे.