वृद्धांची सेवा : घराचे कर्तव्य आणि शासनाचा वाटा

(फैजपूर येथे ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९३६ च्या डिसेंबर महिन्यात याच फैजपुरात राष्ट्रीय सभेचे पन्नासावे अधिवेशन भरले. खेड्याच्या भूमीवर भरलेले ते पहिले अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्षस्थानी होते. धनाजी नाना चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची सिद्धता केली होती आणि नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, गावच्या साहित्यातून अधिवेशनाची नगरी सजविली होती. त्या अधिवेशनाने मंजूर केलेल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळावी, ही मागणी होती. त्यापूर्वी १९३१ साली कराचीच्या ठरावाने कारखान्यातील कामगाराला वार्धक्य, आजारपण व बेकारी यांच्या आर्थिक परिणामांपासून संरक्षण मिळावे, असे म्हटले होते. कामगाराच्या म्हातारपणाचा उच्चार कराचीत झाला, शेतमजुराच्या मजुरीचा फैजपुरात झाला. शेतमजूर म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला म्हणजे त्याचे काय, हा प्रश्न या दोन ठरावांच्या मध्ये उभा राहिला, आणि तो अद्याप पुरता सुटलेला नाही.

पुढे राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने वार्धक्य, आजारपण व विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक सामर्थ्याच्या मर्यादेत उपलब्ध करून द्यावा, असे मार्गदर्शक तत्त्व घातले. हक्कही सांगितला आणि मर्यादाही सांगितली. या दोन शब्दांमधील अंतर आजवर घराने भरून काढले आहे. प्रश्न असा आहे की, ते एकट्या घराने किती काळ भरावे?

कर्तव्य कायद्याने बांधलेले आहे

आईवडिलांचा सांभाळ हा आपल्याकडे प्रथम धर्म मानला गेला आणि नंतर कायदा झाला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने वृद्ध किंवा अशक्त मातापित्यांच्या पोषणाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी या दोघांवर ठेवली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सर्व धर्मांच्या आईवडिलांना दंडाधिकाऱ्याकडे निर्वाहखर्च मागण्याची वाट मोकळी केली. विवाहित मुलीवरही ही जबाबदारी येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात दिला.

त्यानंतर २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा स्वतंत्र अधिनियम आला. महाराष्ट्राचे नियम २०१० साली झाले. या अधिनियमाखालील न्यायाधिकरणाचे काम उपविभागीय अधिकारी पाहतात. यावल आणि रावेर या दोन तालुक्यांचे उपविभागीय कार्यालय फैजपूरलाच आहे. म्हणजे ज्याला गावठी बोलीत ‘प्रांताचे ऑफिस’ म्हणतात, तेच उपेक्षित मातापित्यांचे न्यायालय होय. अर्ज करण्यासाठी वकील लागत नाही. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यावा असा नियम आहे, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी तीस दिवस घेता येतात. निर्वाहभत्ता दरमहा १०,००० रुपयांपर्यंत ठरविता येतो. वृद्धास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा आहेत.

या भागातील शेतकरी कुटुंबांनी या अधिनियमाचे २३ वे कलम विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. हयातीतच मळा मुलांच्या नावे करून सातबारा मोकळा करण्याची प्रथा सर्वत्र आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्र केले आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. मात्र ती अट दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेली असावी. तोंडी विश्वासावर केलेला दस्त पुढे फार त्रास देतो.

पगारदार मुलांच्या बाबतीत काही ठिकाणी याहून कडक पाऊल उचलले गेले. आसाम राज्याने २०१७ साली कायदा करून आईवडिलांची उपेक्षा करणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्याच्या वेतनातून कपात करण्याची तरतूद केली. आपल्याकडे लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली अशा कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापून आईवडिलांना देण्याचा ठराव केला.

शासनाची मदत

दुसरी बाजू शासकीय साहाय्याची. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. १९९५ साली केंद्र शासनाने वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. तो पुढे २०० रुपये झाला, आणि २०११ पासून ऐंशी वर्षांवरील व्यक्तींसाठी ५०० रुपये झाला. त्यानंतर तो वाढलेला नाही. राज्याने श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून त्यात भर घातली. एकूण रक्कम २०१९ साली १,००० आणि २०२३ साली १,५०० रुपये झाली. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २०२५ साली २,५०० रुपये करण्यात आली.

याखेरीज पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी. चा प्रवास २०२२ पासून मोफत आहे. २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र, आधाराची काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये देण्याचे ठरले. त्याच वर्षी सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. या गोष्टी लहान नाहीत. १९८० पूर्वी यांपैकी काहीच नव्हते, याची जाणीव टीका करणाऱ्यानेही ठेवली पाहिजे.

परंतु या सर्व योजना एका रांगेत मांडल्या की एक उणीव नजरेत भरते. जो चालू शकतो त्याला प्रवास आहे. जो रुग्णालयात दाखल होतो त्याला विमा आहे. रुग्णालयातून घरी आणलेल्या, कूस बदलण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागणाऱ्या माणसाच्या खाटेपाशी मात्र यांतले जवळजवळ काहीच पोहोचत नाही.

दोन कायद्यांच्या मधले घर

या परिसरातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. नवरा-बायको दोघेही केळीच्या बागेत रोजंदारीवर जातात. सासूला अर्धांगवायूचा झटका आला आहे. तिला भरवावे लागते, धुवावे लागते, दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि त्या जखमा जिवावर बेततात. दोघांपैकी एकाने घरी राहणे भाग आहे. ती एक व्यक्ती म्हणजे बहुधा सून.

या घराला प्रांत कार्यालयाचा काय उपयोग? मुलगा आईला टाकत नाही. त्याच्यावर अर्ज कोणी करावा आणि कशासाठी? आणि निवृत्तिवेतनाचे म्हणाल तर त्यासाठी दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव तरी हवे, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. वर्षाचे २१,००० म्हणजे दिवसाचे अठ्ठावन्न रुपयेही नव्हेत. एक माणूस जरी नियमित मजुरीला जात असेल तरी ही मर्यादा प्रामाणिकपणे पाळता येणे कठीण. दिव्यांगांची वाढीव रक्कम घ्यावी तर प्रमाणपत्र हवे, आणि जिला उठून बसवत नाही तिला तपासणीपर्यंत न्यायचे तर गाडीभाडे आणि आणखी एका दिवसाची मजुरी गेली. त्या प्रमाणपत्रावाचून हाती पडणारे १,५०० रुपये म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. सुनेची बुडालेली मजुरी याच्या कितीतरी पट आहे.

येथे कायद्यातील एक मौन लक्षात येते. २००७ च्या अधिनियमात ‘अपत्ये’ या शब्दात मुलगा, मुलगी, नातू व नात येतात. सुनेचा उल्लेख नाही. २०१९ साली लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात सून आणि जावई यांचा समावेश सुचविला होता, पण ते विधेयक कायद्यात उतरले नाही. तसे झाले असते तर तिच्यावर जबाबदारी आली असती, मदत आली नसती. आजची स्थिती अशी की, कर्तव्य मुलाच्या नावावर आहे, निवृत्तिवेतन सासूच्या नावावर आहे, आणि रात्रंदिवसाचे काम जिच्या अंगावर आहे तिचे नाव कोठल्याच कागदावर नाही.

‘शासन की कुटुंब’ हा वाद बहुधा पैशाभोवती घातला जातो. वस्तुतः परावलंबी वृद्धाच्या सेवेत पैशाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, किंमत माणसाच्या वेळेची आहे. ती आज एका स्त्रीकडून विनामूल्य वसूल होते आणि तिला आपण ‘आपली कुटुंबपद्धती’ असे गौरवाचे नाव देतो.

अन्य देशांतील अनुभव

इंग्लंडमध्ये १६०१ च्या गरीब कायद्याने निर्धन आईबापांचा भार मुलांवर टाकला होता. ती सक्ती १९४८ साली गेली आणि साहाय्य राष्ट्राने आपल्याकडे घेतले. जर्मनीने १९९५ साली दीर्घकालीन शुश्रूषेचा अनिवार्य विमा सुरू केला. त्यात घरी सेवा करणाऱ्या नातेवाइकासाठी रोख रक्कम आहे, आणि त्याच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यातही भरणा होतो. जपानने २००० साली असाच विमा आणला. चाळिशीनंतर प्रत्येक जण वर्गणी भरतो आणि खर्चाचा सुमारे निम्मा भाग करांतून येतो.

राज्याने हात पुढे केला तर मुले आईबापांना विसरतील, ही भीती आपल्याकडे वारंवार बोलून दाखविली जाते. जर्मनीत इतक्या वर्षांनंतरही शुश्रूषेची गरज असणारे बहुसंख्य लोक स्वतःच्या घरातच राहतात. मदतीमुळे घर मोडले नाही, ते तगून राहिले.

हे श्रीमंत राष्ट्रांचे झाले, असे कोणी म्हणेल. त्यासाठी केरळकडे पाहावे. तेथे २००८ साली धोरण ठरवून ग्रामपंचायतींमार्फत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी परिचारिका पाठविण्याची व्यवस्था उभी झाली. तसेच पूर्णवेळ सेवा करणाऱ्या व्यक्तीच्या नावे दरमहा ६०० रुपयांची ‘आश्वासकिरणम्’ योजना तेथे निघाली. रक्कम अल्प आहे, परंतु सेवा करणाऱ्याचे नाव कागदावर आले, हे महत्त्वाचे.

वाटणी कशी असावी

घरातील वाटणी जशी समजुतीने होते तशीच ही वाटणीही करता येईल. माया, सोबत, रात्री हाक मारल्यावर मिळणारी ओ आणि वृद्धाच्या मनाप्रमाणे निर्णय घेणे, हे घराचे काम. ते कोणतेही खाते करू शकणार नाही. जखम बांधण्याचे व कुशीवर वळविण्याचे शिक्षण, घरी येणारी परिचारिका, खाटेपाशी येऊन होणारी दिव्यांगत्वाची तपासणी, बुडालेल्या मजुरीची काही अंशी भरपाई, आणि सेवा करणारीला महिन्यातून दोन दिवस तरी उसंत मिळेल अशी सोय, हे शासनाचे व स्थानिक संस्थांचे काम. ज्याच्याजवळ मळा, पगार किंवा परदेशातील नोकरी आहे त्याने मात्र शासनाकडे बोट दाखवू नये. त्याच्यासाठी प्रांत कार्यालयाचा दरवाजा उघडा आहेच.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के होते, आणि ते वाढतच जाणार आहे. सर्वांना सर्व काही देणे कोणत्याही तिजोरीला शक्य नाही. परंतु पूर्णतः परावलंबी झालेल्यांची संख्या त्या मानाने थोडी असते. प्रारंभ त्यांच्यापासून व्हावा. प्रत्येक ग्रामपंचायतीने व नगरपरिषदेने आपल्या हद्दीत अंथरुणाला खिळलेले किती आणि त्यांची सेवा कोण करते, एवढी दोन रकान्यांची यादी केली तरी आरंभ होईल. पहिला रकाना काही ठिकाणी भरलेला सापडेलही. दुसरा बहुतेक ठिकाणी कोरा असेल.

तोवर जे उपलब्ध आहे त्याचा लाभ घ्यावा. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. निवृत्तिवेतनाचा अर्ज तहसील कार्यालयात आणि निर्वाहभत्त्याचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करता येतो. शेजारच्या घरात कोणी अंथरुणावर असेल तर कागदपत्रे गोळा करण्याचे काम शेजाऱ्याने करावे, कारण त्या घरातल्या कोणालाही त्यासाठी सवड नसते.

१९३६ साली फैजपूरने देशाला दाखवून दिले की, मोठे प्रश्न खेड्यात बसूनही मांडता येतात. शेतमजुराच्या मजुरीचा विचार येथे झाला. त्याच्या थकलेल्या देहाचा, आणि तो देह सांभाळणाऱ्या हातांचा विचारही येथूनच पुढे जावा.