एम.टेक. झाल्यावर हँगरमध्ये



भोर तालुक्यात धांगवडीला, जिथे भोर-वेल्ह्याची मुलंमुली अभियांत्रिकी शिकतात, तिथून जाणारा महामार्ग पुढे कोल्हापूर आणि बंगळुरू गाठतो. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. बंगळुरूला ते पोहोचले ते मात्र जर्मनीच्या वळणानं. ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळवली आणि १९४० मध्ये ते बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये रुजू झाले. सीमास्तराचा सिद्धांत मांडणाऱ्या गुरूचा हा शिष्य फळ्यापाशी थांबला नाही, कारखान्यात उतरला. त्यांनी आखलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं.

विमान कंपनीची वाट धरणाऱ्यानं घाटग्यांचं हे उतरणं आधी ध्यानात घ्यावं. एम.टेक.च्या जोरावर विमान उड्डाणासाठी सोडण्याची सही करता येत नाही. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए) परवाना लागतो: यांत्रिकी बाजूला बी१, एव्हिऑनिक्सला बी२, मोठ्या तपासणीनंतर विमान सेवेत सोडायला सी. परीक्षा द्याव्या लागतात, शिवाय विमानावर काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो.

या सहीवर किती अवलंबून असतं, ते १० जून १९९० रोजी दिसलं.

बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॅप्टनपुढची काच हवेत निखळली. कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांना धरून ठेवलं, सहवैमानिकानं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, आणि कॅप्टन वाचले. काच बदलून जेमतेम २७ तास झाले होते. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बारीक निघाले; फरक मिलिमीटरपेक्षाही कमी. रात्रपाळीत जुना बोल्ट शेजारी धरून नवे नजरेनं जुळवले होते. पार्ट्स कॅटलॉग उघडला असता, तर नेमका क्रमांक समोर आला असता.

मग वरची पदवी वाया जाते का? मुळीच नाही. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७चं पुढचं छत उडालं आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला. बेटाबेटांमधली छोटी उड्डाणं, प्रत्येक खेपेला केबिनमध्ये दाब भरायचा आणि उतरायचा. अशी ८९ हजारांहून जास्त आवर्तनं त्या विमानानं सोसली होती. रिव्हेटच्या भोकांपाशी पडलेल्या बारीक चिरा एकमेकींना मिळत गेल्या. त्या कधी जुळतील आणि तपासणी किती उड्डाणांनी करायची, याचं गणित फॅटिग आणि फ्रॅक्चर मेकॅनिक्स पक्कं असलेल्यालाच मांडता येतं. अशा माणसाची हँगरला नितांत गरज आहे, फक्त त्यानं चीर स्वतः टॉर्च धरून पाहिलेली असावी.

मुंबईत कालिन्याला आणि नागपुरात मिहानमध्ये देखभालीची मोठी केंद्रं आहेत. विमानं मुख्यतः दिवसा उडतात, म्हणून बरंच काम रात्रपाळीतच होतं. वर्गातल्या मित्राला सॉफ्टवेअरमध्ये बरा पगार सुरू झालेला असताना इथे परवान्याची वाट पाहावी लागते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद पहिल्या दिवसापासून लॉगबुकात उतरवून वरिष्ठांची सही घ्यावी. परवान्याच्या अर्जाबरोबर तीच जोडावी लागते.