रेघ वाचणारं शास्त्र

(व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प : ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापलाय ‘अणू आणि विश्व’. कणाद, डेमोक्रिटस, डाल्टन ही मंडळी या व्यासपीठावर अनेकदा येऊन गेली आहेत, त्यामुळे त्यांना नमस्कार करून मी पुढे निघतो. मला आज एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. अणूचं शास्त्र प्रयोगशाळेत घडलं आणि विश्वाचं शास्त्र दुर्बिणीत, असं आपण शाळेपासून शिकतो. मला ते मान्य नाही. दोन्ही शास्त्रं एकाच साधनानं वाढवली. ते साधन म्हणजे वर्णपटदर्शक. उजेड एका बारीक फटीतून घ्यायचा, लोलकातून फाकवायचा आणि त्यातल्या रेघा वाचायच्या, एवढंच त्याचं काम.

१८३५ साली ऑगस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञानं लिहून ठेवलं की ताऱ्यांची अंतरं कळतील, आकार कळेल, पण तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही. खरं तर उत्तर तेव्हा कागदावर उतरलेलं होतं. फ्राउनहोफरनं १८१४ सालीच सूर्याच्या वर्णपटातल्या पाचशेहून जास्त काळ्या रेघा नोंदवल्या होत्या, फक्त त्यांचा अर्थ लागलेला नव्हता. तो १८५९ मध्ये हायडलबर्गला किर्खोफ आणि बुन्सेन यांनी लावला. ज्योतीत चिमूटभर मीठ टाका. वर्णपटात दोन पिवळ्या रेघा अगदी चिकटून उभ्या राहतात. त्या सोडियमच्या. कागदावरच्या अंगठ्यासारखी प्रत्येक मूलद्रव्याची ही निशाणी वेगळी.

आता १८६८. १८ ऑगस्टचं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. फ्रान्सहून आलेले जान्सेन गुंटूरला होते. सौरज्वालांच्या रेघा त्यांना इतक्या ठळक दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात हे त्यांनी ओळखलं आणि दुसऱ्याच दिवशी पाहून दाखवल्या. तिकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला तेच स्वतंत्रपणे साधलं. त्यातली एक पिवळी रेघ सोडियमच्या जोडीशेजारी होती, पण त्या जोडीशी जुळत नव्हती. पृथ्वीवरच्या कुठल्याही ज्ञात पदार्थाशी जुळत नव्हती. लॉकियर यांनी नवं मूलद्रव्य मानलं, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून ते हेलियम झालं.

(सभागृहातून : ‘विजयदुर्ग!’)

हो, येतो तिकडे. कोकणातली मंडळी बरीच दिसतात आज. (हशा) हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं सांगितलं जातं, आणि लॉकियर यांच्या नावानं दाखवले जाणारे चौथरे पाहायला लोक हौसेनं जातात. पण १८६८ साली लॉकियर इंग्लंडातच होते. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे तीस वर्षांनी. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडलं होतं.

माना हलताहेत. नाराज होऊ नका. मी विजयदुर्गाचं काही काढून घेत नाही, उलट भर घालतोय. सूर्याच्या कडेवर ग्रहणाच्या सुरुवातीला आणि शेवटी जेमतेम काही क्षण लखलखणाऱ्या रेघा छायाचित्रात पकडायला तो माणूस आपल्या किनाऱ्यावर आला होता. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं मांडून बसले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात वेधशाळा उभी करणारा हा माणूस. तिथली मोठी दुर्बीण पुढे कोडाईकॅनालला गेली. जेऊरला आज गाडी थांबते तेव्हा किती जणांना हे आठवतं? खोट्या मानापेक्षा हा खरा मान मोठा आहे आणि तो आपण पाठ्यपुस्तकात घातला पाहिजे. (टाळ्या)

मूळ धाग्याकडे येतो. १८९५ साली विल्यम रॅमसे यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेघ दिसली. सूर्यातला वायू दगडात, आणि तोही युरेनियमच्या दगडात, का असावा?

उत्तर मँचेस्टरला रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी दिलं, आणि माझ्या मते भौतिकशास्त्रात याहून देखणा प्रयोग नाही. बाउमबाख नावाच्या काचकारागिरानं एक नळी फुंकून दिली. तिची भिंत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ, तरी हवेचा दाब सोसणारी. तिच्यात किरणोत्सारी वायू भरला. भोवती दुसरी, निर्वात केलेली नळी. त्यातून सुटणारे अल्फा कण पातळ भिंत भेदून बाहेरच्या नळीत येणार, तिथे साठणार. मग विजेची ठिणगी सोडून वर्णपट पाहायचा. चोवीस तासांनी काहीच नाही. दोन दिवसांनी पिवळी रेघ पुसट दिसली. चार दिवसांनी पिवळी आणि हिरवी ठळक. सहा दिवसांनी हेलियमच्या सगळ्या मुख्य रेघा हजर. मग शंका नको म्हणून आतल्या नळीत साधं हेलियम भरून पाहिलं. ते भिंतीतून गळलं नाही. युरेनियमसारख्या किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे अल्फा कण म्हणजे हेलियमच, हे १९०९ साली छापून आलं. त्याच कणांचा मारा सोन्याच्या पत्र्यावर करून पुढे १९११ मध्ये अणूचं केंद्रक सापडलं.

(अध्यक्षांकडे पाहून) दहा मिनिटं? बरं. मग बोर यांच्या अणूच्या प्रतिमानाबद्दल थोडक्यात, पण ते टाळता येणार नाही. अगस्त्याच्या वर ‘झीटा पपिस’ नावाचा तारा आहे. पिकरिंग यांना १८९६ मध्ये त्याच्या वर्णपटात अनोळखी रेघा दिसल्या. सगळ्यांनी त्या हायड्रोजनच्या मानल्या. १९१३ मध्ये बोर म्हणाले, या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या. फाउलर यांनी हरकत घेतली, की तुमच्या सूत्राप्रमाणे हेलियमच्या आणि हायड्रोजनच्या स्थिरांकांचं गुणोत्तर चार यायला हवं, मोजलं तर ४.००१६ येतं. बोर यांनी केंद्रकही किंचित हलतं हे हिशेबात धरलं आणि उत्तर आलं ४.००१६३. ताऱ्यातल्या रेघेनं अणूच्या प्रतिमानाची परीक्षा घेतली आणि ते उत्तीर्ण झालं. मी म्हणतो ते हेच.

मेघनाद साहांचं १९२० चं समीकरण, त्याच्या आधारे सिसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात ताऱ्यांमध्ये हायड्रोजन आणि हेलियमच प्रचंड असल्याचं दाखवणं, वडीलधारे शास्त्रज्ञ रसेल यांच्या दबावाखाली हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असं त्यांनाच लिहावं लागणं, आणि त्याच रसेल यांनी १९२९ मध्ये तो मान्य करणं, यावर एक संध्याकाळ हवी. नारायणगावजवळ खोडदच्या तीस अँटेना हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेघ ऐकतात, त्यावर दुसरी. संयोजकांनी पुढच्या वर्षी बोलवावं. (हशा)

शेवटी एक विनंती. इथे शिक्षक बरेच आहेत. बुटांचं रिकामं खोकं घ्या, दोन ब्लेडांची बारीक फट करा, आत जुन्या सीडीचा तुकडा तिरका चिकटवा. ट्यूबलाइटकडे धरा, पाऱ्याच्या रेघा दिसतात. एलईडीचा दिवा नको, त्यात सलग पट्टा दिसतो. प्रत्येक मुलानं असं खोकं स्वतः करावं, बाईंनी करून दाखवू नये. आणि ते सूर्याकडे थेट कुणीही रोखायचं नाही, हे आधी बजावून सांगा.