ओळख आणि वशिला : नव्या ट्रकचालकांशी दोन शब्द

(संस्थेच्या व्यवसाय मार्गदर्शन शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेतील कारकून. स्टिअरिंग आम्ही कधी हातात धरलेले नाही. तेव्हा ट्रकचालकांनी आपला जम कसा बसवावा, या विषयावर आम्ही बोलावे याचे आपल्याला नवल वाटेल. परंतु आमच्या काउंटरसमोर ट्रकमालक येतात, ट्रान्सपोर्टवाले येतात, पगाराचे पैसे घरी पाठविणारे चालक येतात. त्यांचे बोलणे वर्षानुवर्षे कानावर पडत आले आहे. आणि दुसरे कारण घरचे आहे. ते शेवटी सांगण्याऐवजी आधीच सांगतो.

आमचा एक भाचा आहे. बारावीनंतर त्याचे शिक्षण थांबले. त्याने रीतसर परवाना काढला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहू गाडी चालविण्यास वयाची २० वर्षे पूर्ण लागतात आणि हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जुना असल्याशिवाय अवजड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. हे सर्व त्याने सचोटीने केले. परवाना खिशात आला आणि मुलगा चार महिने ट्रान्सपोर्ट नगरच्या चकरा मारीत राहिला. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "कोणाच्या ओळखीचा?" काही ठिकाणी नाव सांगितल्यावर आडनावही विचारले गेले. त्यानंतर "दोन दिवसांनी ये" हे उत्तर ठरलेले.

एके दिवशी तो आमच्याकडे आला. म्हणाला, "मामा, तुमच्या बँकेत अमुक मालकाचं खातं आहे. त्यांना एक शब्द टाका ना." आम्ही त्याला चार उपदेशाच्या गोष्टी सांगितल्या. म्हणालो, "आम्ही आयुष्यात वशिला लावला नाही, तुझ्यासाठीही लावणार नाही. गुणवत्तेवर मिळव." तो काही बोलला नाही. चहा न घेताच गेला.

मित्रहो, त्या दिवशी आम्हाला स्वतःचा अभिमान वाटला होता. आज त्याची लाज वाटते. आमच्या हातून काय चुकले ते सांगावे, म्हणूनच येथे उभे आहोत.

वशिला म्हणजे लायकी नसलेल्याला आत ढकलणे. ओळख म्हणजे लायकी असलेल्याविषयी, आपल्याला ठाऊक आहे तेवढेच, खरे सांगणे. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आमच्या बँकेत कर्ज देताना जामीनदार मागतात, तो काय वशिला असतो? मालकाची लाखो रुपयांची गाडी, त्यात दुसऱ्याचा लाखोंचा माल. तो एका अनोळखी तरुणाच्या हाती देऊन मालक घरी झोपणार. त्याने "कोणाच्या ओळखीचा" असे विचारले तर त्यात वावगे नाही. आडनाव विचारण्यात मात्र वावगे आहे, आणि ते स्पष्ट म्हटले पाहिजे. ज्यांचे मामा-काका आधीपासून या धंद्यात आहेत त्यांना पहिल्या प्रश्नाचे उत्तर घरातच मिळते. आपल्या वस्तीतील बहुतेक मुलांना ते मिळत नाही. म्हणून आपल्याला ओळख एकेका माणसापासून उभी करावी लागते.

पूर्वी ही ओळख क्लीनरकीतून होत असे. पोरगा उस्तादाबरोबर वर्षानुवर्षे फिरे; काच पुसणे, चाक बदलणे, ताडपत्री बांधणे शिके आणि रस्त्यावरची माणसेही त्याला ओळखू लागत. आता पुष्कळ गाड्यांवर क्लीनर नसतो. ती शाळा बंद होत चालली आहे. परवाना मिळतो, पण रस्त्याची ओळख मिळत नाही. भाच्याला शेवटी एका वयस्क चालकाने सेकंड ड्रायव्हर म्हणून बरोबर घेतले. पगार नाही, फक्त खुराकी. ही वाट त्याची त्यानेच शोधली. त्याच्या मामाचा त्यात काही हातभार नव्हता.

आता या धंद्यात कोणकोणाशी संबंध येतो आणि तो कशाने जुळतो, हे त्याच्याकडून व इतर चालकांकडून जे समजले ते क्रमाने सांगतो.

पहिला, मालक. मालकाला सर्वात जास्त भीती वाटते ती फोन न लागणाऱ्या चालकाची. गाडी बिघडली, रस्ता बंद झाला, उशीर होणार, तर मालकाने विचारण्याआधी आपण कळवावे. वाईट बातमी लवकर देणारा माणूस विश्वासाचा ठरतो. डिझेलचा आणि वाटखर्चाचा हिशेब पावत्यांसह वहीत लिहावा व गाडी लावताच द्यावा. शंभर रुपयांच्या खोट्याने वर्षाचा विश्वास जातो.

दुसरा, ट्रान्सपोर्ट कचेरीतील कारकून. याला नवे चालक किरकोळ समजतात. वास्तविक कोणाला कोणते भाडे सांगायचे, परतीचा माल कोणाला द्यायचा, हे पुष्कळदा त्याच्या जिभेवर असते. गाडी रिकामी परत आली की मालकाचा नफा डिझेलमध्ये जातो. कारकुनाला हवी असते ती पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची बिल्टी. ती मिळाल्याशिवाय भाड्याची बाकी सहसा सुटत नाही. जो चालक पोच चुरगळू न देता वेळेवर आणून देतो, त्याचे नाव लक्षात राहते. तसेच ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा करपात्र माल राज्याबाहेर नेताना ई-वे बिल लागते. १ जानेवारी २०२१ पासून साधारणपणे २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत धरतात. वाटेत गाडी बंद पडली तर मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतर आठ तासांच्या आत ती वाढवून घेता येते. ते काम कचेरीतून होते, पण फोन चालकानेच करावयाचा असतो.

तिसरे, हमाल व माथाडी बंधू. त्यांच्यावर खेकसून माल लवकर उतरत नाही. गाडी नीट लावून द्यावी, फाळका वेळेवर उघडावा, पाणी विचारावे. तेही आपल्यासारखेच कष्टकरी आहेत. परंतु गोणी मोजण्याचे काम मात्र दुसऱ्यावर सोडू नये.

चौथे, रस्त्यावरची माणसे. मिस्त्री, पंक्चरवाला, ढाबेवाला आणि समोरून येणारा दुसरा चालक. मिस्त्रीचे पैसे बुडवू नयेत. बंद पडलेली गाडी दिसली तर जागा सुरक्षित पाहून थांबावे व विचारपूस करावी. दुसऱ्याचे ठरलेले भाडे कमी दराने पळवू नये. पुढच्या घाटात धुके आहे, पुलावर पाणी आहे, हे सांगणारा माणूस पैशाने विकत मिळत नाही. एक छोटी वही ठेवावी. त्यात नाव, गाव, फोन आणि कोणत्या कामाला उपयोगी पडले, एवढे लिहावे. मोबाइल हरवतो, वही राहते.

येथे भाच्याच्या पहिल्या मोठ्या खेपेची हकिगत सांगतो. लासलगावहून नागपूरच्या कळमना बाजारात कांदा न्यावयाचा होता. पावसाचे दिवस. कांदा भिजला तर सडतो आणि ताडपत्री गच्च आवळली तर कोंडून घाम सुटतो. उस्तादाने त्याला हवा राहील अशी ताडपत्री बांधावयास शिकविले. भरताना भाच्याने गोणी मोजल्या, त्या बिल्टीपेक्षा दोन कमी भरल्या. भरणारा म्हणाला, "चालतंय, कोण बघतो." भाच्याने नम्रपणे पण हटून बिल्टीवर तसे लिहून सही घेतली. नागपुरात उतरविताना तोच वाद निघाला. व्यापारी भाड्यातून पैसे कापावयास निघाला होता. बिल्टीवरच्या त्या एका ओळीने प्रश्न मिटला. पुढच्या महिन्यात मालकाने त्याला पगारावर घेतले. कोणाच्या ओळखीचा, असे मग कोणी विचारले नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संबंध जोडणे म्हणजे हांजी हांजी करणे नव्हे. नाही म्हणण्याची हिंमतही त्यात येते. जादा माल भरा असे कोणी सांगितले तर परवाना आपल्या नावाचा आहे हे विसरू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जादा भाराचा दंड २० हजार रुपयांपासून सुरू होतो, आणि घाटात ब्रेक लागला नाही तर तो दंडही स्वस्त वाटेल. झोप येत असेल तर मालकाला तसे सांगून गाडी बाजूला लावावी. मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. त्यात सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास काम सांगितले होते. प्रत्यक्षात रस्त्यावर काय चालते ते आपण जाणतो, परंतु आपला हक्क काय आहे हे माहीत असलेला माणूस निराळ्या आवाजात बोलतो. जो मालक खऱ्या अडचणीलाही शिवी देतो, त्याच्याशी संबंध तुटला तर वाईट वाटून घेऊ नये.

बँकेचा माणूस म्हणून एक सूचना. पगार शक्यतो खात्यावर घ्यावा. उद्या स्वतःची गाडी घ्यावी असे वाटले, तर बँक तुमच्या तोंडाकडे पाहत नाही, खात्यावरील नोंदी पाहते. तुमची तीन-चार वर्षांची नियमित आवक हीसुद्धा एक ओळखच आहे, आणि तिला आडनाव विचारता येत नाही.

शेवटी संस्थेला व आम्हा नोकरदारांना विनंती. आम्ही शिकलो, खुर्चीत बसलो आणि शिफारस करणे हे पाप मानून स्वच्छ राहिलो. त्या स्वच्छतेची किंमत आमच्या धाकट्यांनी मोजली. संस्थेच्या कचेरीत एक नोंदवही ठेवावी. आपल्यातील जे चालक, मिस्त्री, ट्रान्सपोर्टमधील कारकून आहेत, त्यांची नावे त्यांच्या संमतीने त्यात असावीत. जुन्या चालकाने एका नव्या मुलाला एक खेप बरोबर न्यावे. आणि मुलगा खरोखर चांगला असेल, तर आपल्यापैकी कोणीतरी मालकाला सांगावे, "याला आम्ही ओळखतो." खोटे एक अक्षर सांगू नये, पण खरे सांगावयास कचरू नये.

भाचा आजही वाटेत असला की फोन करतो. आम्ही त्याला त्या दिवसाविषयी क्षमा मागितली तेव्हा तो हसला. म्हणाला, "मामा, वस्तीतला एक पोरगा परवाना घेऊन बसलाय. त्याला बरोबर नेतोय. तुम्ही फक्त त्याचं खातं उघडून द्या."

ते आम्ही उघडून दिले. एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवितो.